कोरे पत्र आणि चालती भिंत : चांगदेव-प्रसंगातील असमतोलाविषयी

१

अतिमानुष शक्ती लाभलेली किशोरवयीन मुले हा दूरचित्रवाणी-मालिकेचा विषय सामान्यतः परकीय, त्यातही अमेरिकी मानला जातो. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ (१९९७ ते २००३) या मालिकेने या प्रकाराचे संकेत बऱ्याच अंशी निश्चित केले. शाळेच्या इमारतीखाली नरकाचे मुख आहे, ही या मालिकेची मूळ कल्पना. पौगंडावस्थेतील भय, लज्जा, एकटेपण आणि अपमान यांना तीत राक्षसाचे रूप मिळते आणि त्या राक्षसाशी झुंजता झुंजता मुलगी मोठी होते. या प्रकारात अद्भुत हे वयाचे रूपक असते. जेथे हे नाते घट्ट असते तेथे मालिकेचा भाग साधतो. राक्षस केवळ राक्षस म्हणून उरला की तो कोसळतो. एकाच भागाच्या पूर्वार्धात हे नाते टिकावे आणि उत्तरार्धात तुटावे, असेही घडते. अशा भागांना प्रेक्षक ‘जमला-न जमला’ असे म्हणून सोडून देतो. समीक्षेला मात्र तसे करता येत नाही, कारण प्रकाराचे व्याकरण त्याच्या सर्वांगसुंदर नमुन्यापेक्षा अशा तुटलेल्या जागीच अधिक स्पष्ट दिसते.

मराठीत या प्रकाराची परंपरा नाही, हे विधान आधुनिक मालिकांपुरते खरे मानता येईल. कथावस्तूच्या पातळीवर मात्र ते टिकत नाही. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागलेली, ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी वणवण करतात आणि त्या वणवणीत त्यांच्या हातून अद्भुते घडत जातात, ही कथा मराठी समाज शतकानुशतके ऐकत आला आहे. प्रचलित कालगणनेनुसार ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली तेव्हा, म्हणजे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०), निवृत्तिनाथ सतरा वर्षांचे, ज्ञानदेव पंधरा वर्षांचे, सोपानदेव तेरा वर्षांचे आणि मुक्ताबाई अकरा वर्षांची होती. ‘माउली’ या संबोधनाच्या सवयीमुळे हे आकडे आपल्याला दिसेनासे झाले आहेत. चौघांपैकी एकानेही विशी गाठलेली नव्हती.

या कथेचे धागे एका जिल्ह्यात गुंतलेले आहेत, हेही लक्षणीय आहे. ‘ज्ञानेश्वरी’ प्रवरातीरी नेवाशास सांगितली गेली. संतचरित्रांना लोकमानसात पक्के रूप देणारे महिपती (१७१५ ते १७९०) राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे. चांगदेवांची समाधी गोदातीरी पुणतांब्यास आहे. आणि १९४० च्या ‘प्रभात’पटात ज्ञानदेव झालेले शाहू मोडक जन्माने अहमदनगरचे. २०२४ मध्ये ज्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले त्या या जिल्ह्याने कथेला ग्रंथ दिला, कथनपरंपरा दिली, प्रतिनायकाचे समाधिस्थान दिले आणि पडद्यावरचा चेहराही दिला. प्रस्तुत लेखात या कथेतील एकाच प्रसंगाचा, चांगदेवभेटीचा, विचार केला आहे. हा प्रसंग मुळातच विषम आहे, आणि पडद्याने त्याची विषमता वाढवली आहे.

२

प्रसंगाचा पूर्वार्ध असा. चौदाशे वर्षे योगबलाने जगलेले, मोठ्या शिष्यसमुदायाचे धनी असलेले चांगदेव या भावंडांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास बसतात आणि पहिल्याच ओळीशी अडतात. मायना काय लिहावा? वयाने पाहावे तर समोरचा पोर आहे, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावे. ज्ञानाने पाहावे तर तो श्रेष्ठ आहे, तेव्हा ‘तीर्थरूप’ लिहावे. निर्णय होत नाही आणि पत्र कोरेच धाडले जाते. ते पाहून मुक्ताबाई म्हणते की, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला. निवृत्तिनाथ मात्र त्या कोऱ्या कागदाला उत्तर द्यावयास ज्ञानदेवांना सांगतात आणि पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ जन्मास येते.

कथनशास्त्राच्या दृष्टीने हा मराठीतील अत्यंत समर्थ आरंभांपैकी एक आहे. संघर्षाला येथे शस्त्र लागत नाही, शापही लागत नाही. संपूर्ण नाट्य एका सामाजिक संकेताच्या, मायन्याच्या, अपुरेपणातून निर्माण होते. मराठी भाषेत कोणाही व्यक्तीशी बोलण्यापूर्वी तिच्याशी असलेले आपले नाते ठरवावे लागते. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरल्याखेरीज वाक्याचे क्रियापदही उमटत नाही. किशोरवय ही या व्यवस्थेतील सर्वाधिक अडचणीची अवस्था होय. ज्याला काल ‘अरे’ म्हटले त्याला उद्या ‘अहो’ म्हणावयाचे असते आणि मधल्या दिवसाला भाषेत नाव नसते. चांगदेवांचा कोरा कागद हा त्या निनावी अवस्थेचा कागद आहे. वय आणि अधिकार यांची जोडी फुटली की भाषा गप्प होते, हे एवढ्या थोड्या सामग्रीत सांगणारा प्रसंग सहज आठवत नाही.

मुक्ताबाईचा शेराही याच दृष्टीने वाचावयास हवा. परंपरा तो कौतुकाने सांगते आणि त्यात तिचे ज्ञानीपण पाहते. परंतु तो शेरा त्याचबरोबर अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा आहे. थोरामोठ्यांची फजिती पाहून लहान मुलाला जो निर्मळ, किंचित क्रूर आनंद होतो, तो त्यात आहे. कोरेपणाचे दोन अर्थ, कागदाचा आणि माणसाचा, ती एका क्षणात एकत्र आणते. या श्लेषात तिचे वय आणि तिचा अधिकार एकमेकांना खोडत नाहीत. पुढे हीच मुलगी चांगदेवांची गुरू होते, असे परंपरा सांगते. त्या उलटापालटीची सर्व तयारी या एका शेऱ्यात झालेली असते.

आणि निवृत्तिनाथांचे सांगणे? तेही तितकेच अर्थपूर्ण आहे. धाकटीची थट्टा ते दटावत नाहीत, पण तिच्यावर प्रकरण संपूही देत नाहीत. कोरा कागद हा अज्ञानाचा पुरावा आहे तसा तो पात्रतेचाही असू शकतो, हे थोरल्या भावाला दिसते. तीन भावंडांच्या तीन प्रतिसादांतून एक घर उभे राहते. किशोरवयीन नाट्याला जे हवे असते ते हेच : वडीलधाऱ्यांविना चालणारे, आपापसांत अधिकार वाटून घेतलेले घर.

‘पासष्टी’तील युक्तिवाद या पेचाला थेट भिडतो. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मुळात एकच असेल, तर कोणी कोणाला भेटावे? आरशात पाहणाऱ्याला स्वतःचेच मुख दिसते. मीठ पाण्याचा ठाव घ्यावयास उतरले तर मापावयास मीठच उरत नाही. चांगदेवांच्या मनात प्रश्न होता, थोर कोण आणि धाकटा कोण. उत्तर असे येते की, मायना लिहावयास लागणारे दोघे येथे नाहीतच. जो पेच सामाजिक संकेताचा म्हणून सुरू झाला तो अस्तित्वविचाराच्या पातळीवर विरतो आणि तरीही पत्राचे रूप, संबोधनातील जिव्हाळा सुटत नाही. रचना आणि आशय यांची इतकी चोख सांगड पूर्वार्धात पडलेली आहे.

३

उत्तरार्धात चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांसह भेटीस निघतात. भावंडे भिंतीवर बसलेली असतात. ज्ञानदेव भिंतीला चालावयास सांगतात, भिंत चालते आणि चांगदेवांचा गर्व उतरतो. सजीवांवर सत्ता चालवणारा योगी निर्जीवावर सत्ता चालवणाऱ्यापुढे हरतो.

हा कथाबंध केवळ मराठीचा नाही. व्याघ्रारूढ सिद्धाला भिंतीवर बसलेल्या सिद्धाने जिंकावे, ही गोष्ट भारतातील सूफी आख्यायिकांत वारंवार येते. सायमन डिग्बी यांनी १९९४ मध्ये या कथाबंधाचा स्वतंत्र अभ्यास केला आणि संतांमधील प्रतिष्ठेची स्पर्धा हे त्याचे कार्य असल्याचे दाखवले. आनातोलियातील हाजी बेकताश यांच्या आख्यायिकेतही सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आलेल्या साधूला सामोरे जाण्यासाठी शिळा चालू लागते. सापाच्या चाबकापर्यंत जुळणारे हे साम्य पाहता एक गोष्ट मान्य करावी लागते. पूर्वार्ध मराठी पत्रव्यवहाराच्या रीतीत खोल रुजलेला आहे. उत्तरार्ध मात्र अनेक देशांतून फिरत आलेला, कोणत्याही दोन सिद्धांना लागू पडणारा साचा आहे.

प्रश्न साचा परका असण्याचा नाही. लोककथा साच्यांवरच जगते. प्रश्न असा की, हा साचा पूर्वार्धाने जे सिद्ध केले ते मोडतो. ‘पासष्टी’ने थोर-धाकटे हा भेदच निकालात काढला होता. भिंतीचा चमत्कार तो भेद पुन्हा मांडतो आणि फक्त त्याची दिशा उलटवतो. आधी चांगदेव थोर होते, आता ज्ञानदेव थोर ठरतात. भेटीचे रूपांतर सामन्यात होते. ज्या पत्राने सांगितले की येथे दोघे नाहीत, त्याच पत्राच्या लेखकाला पुढच्याच प्रसंगात प्रतिस्पर्धी लागतो. ‘पासष्टी’च्या संहितेत वाघही नाही आणि भिंतही नाही, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही.

या प्रसंगाची चर्चा आजवर मुख्यत्वे तीन अंगांनी होत आली आहे. श्रद्धावादी वाचन चमत्काराला ऐतिहासिक घटना मानते. बुद्धिवादी वाचन त्याला भाकडकथा ठरवून चरित्रातून वजा करते. रूपकवादी वाचन वाघाला अहंकार आणि भिंतीला जडता मानून दोहोंतून वाट काढू पाहते. वरवर परस्परविरोधी असलेल्या या तिन्ही भूमिकांत एक मूक एकमत आहे. तिघींनाही प्रसंगाचे केंद्र भिंत हेच वाटते. कोरे पत्र ही तिघींच्या लेखी प्रस्तावना आहे. वास्तविक अर्थनिर्णयनाला खरे आव्हान आहे ते पत्राचे, कारण तेथे स्पष्टीकरणाची गरज असलेले अद्भुत जवळजवळ नाही आणि तरीही जे घडते ते असाधारण आहे.

तझ्वेतान तोदोरोव यांच्या १९७० च्या विवेचनातील भेद येथे उपयोगी पडतो. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या निर्णयापूर्वीची वाचकाची दोलायमान अवस्था म्हणजे त्यांच्या अर्थाने ‘फँटास्टिक’. अतिनैसर्गिक एकदा स्वीकारले की आपण निखळ अद्भुताच्या प्रांतात शिरतो आणि दोलायमानता संपते. महिपतींच्या कथनाचा श्रोता आरंभापासूनच या दुसऱ्या प्रांतात असतो. कीर्तनात बसलेल्या श्रोत्याला भिंत चालली का, हा प्रश्न पडत नाही. त्याला ती का चालली हे ऐकावयाचे असते आणि ते कीर्तनकार सांगतो. चमत्कार आणि त्याचे निरूपण ही तेथे एकाच श्वासात येतात. म्हणूनच ग्रंथात आणि कीर्तनात पूर्वार्ध-उत्तरार्धातील फट फारशी जाणवत नाही. निरूपण ती बुजवत राहते. हे निरूपण काढून घेतले की काय होते, हे पडद्याने दाखवले.

४

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हा ‘प्रभात’चा चित्रपट त्याच्या ट्रिक-दृश्यांसाठी, विशेषतः चालत्या भिंतीसाठी, लक्षात राहिला. त्या काळच्या साधनांचा विचार करता ते दृश्य तंत्रदृष्ट्या धाडसाचेच म्हणावे लागेल. परंतु याच दिग्दर्शकांच्या ‘संत तुकाराम’शी (१९३६) त्याची तुलना केली तर काय हरवले ते कळते. ‘तुकाराम’मध्ये चमत्काराच्या शेजारी जिजाई उभी आहे. मूल आजारी पडले म्हणून देवळात वहाण घेऊन जाणारी, नवऱ्याच्या देवभक्तीचा हिशेब पिठामिठात मांडणारी ही बाई तोदोरोवप्रणीत दोलायमानतेला घरातच जागा करून देते. तिच्यामुळे चमत्काराला वजन येते, कारण तो कोणाच्या तरी संशयातून पार व्हावा लागतो. ज्ञानदेवांच्या कथेत ही जागा मुक्ताबाईची आहे. थट्टा करण्याचा, दटावण्याचा, दार ठोठावण्याचा अधिकार परंपरेने तिला दिला आहे. भिंत चालू लागली की मात्र तिला काहीही करावयाचे उरत नाही. ती भिंतीवरच्या चौघांपैकी एक होते.

वयाचा प्रश्नही येथेच येतो. १९१८ मध्ये जन्मलेले शाहू मोडक या चित्रपटाच्या वेळी बाविशीत होते. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या, त्यापूर्वी बाल-कृष्ण म्हणून गाजलेल्या या नटाच्या चेहऱ्याने मराठी मनातील ज्ञानदेव पुढे अनेक वर्षे व्यापले. तो चेहरा शांत आहे, पूर्ण आहे, वयातीत आहे. त्याच्यात पंधरा वर्षांच्या मुलाचा अर्धवटपणा नाही आणि दुखावलेपण तर नाहीच. नटाच्या गुणांचे हे उणेपण नव्हे. संत म्हणजे आरंभापासून परिपूर्ण माणूस, हा संकेत त्या चेहऱ्यात साकार झाला एवढेच.

दूरचित्रवाणीने या वारशात आणखी एक अडचण मिळवली. १९८७-८८ मधील ‘रामायण’पासून आकाशात एकमेकांवर आदळणाऱ्या बाणांची जी दृश्यभाषा रूढ झाली, तीच संगणकीय साधनांनी समृद्ध होऊन ‘जय मल्हार’सारख्या (२०१४ ते २०१७) मराठी मालिकांत आली. २०२१ मध्ये सोनी मराठी वाहिनीवर ‘ज्ञानेश्वर माउली’ ही मालिका सुरू झाली आणि हे चरित्र दैनंदिन मालिकेच्या साच्यात शिरले. शीर्षकापासूनच मुलाचे ‘माउली’ होणे गृहीत धरले गेले, हे विचारात घेण्याजोगे आहे. जे चरित्राच्या शेवटी, समाजाने कृतज्ञतेने बहाल केले, ते येथे आरंभीचे नाव होते. नायक मोठा होत जाण्याची शक्यताच त्यामुळे आकसते.

दैनंदिन मालिकेचा साचा चमत्काराला अनुकूल आहे आणि पत्राला प्रतिकूल. अर्ध्या तासाच्या भागाला शेवटी उत्कंठेचा टोकदार क्षण लागतो. वाघ दिसला, भिंत थरथरली, येथे भाग तोडता येतो. कागद कोरा राहिला, येथेही तो तोडता येईल, पण त्यासाठी मायना न सुचण्यात संकट आहे हे प्रेक्षकाला आधी कळलेले असावे लागते. शिवाय या साच्यात कीर्तनकाराचे निरूपण नसते. त्याची जागा भोवतालच्या पात्रांच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी आणि चढत्या पार्श्वसंगीताने घेतलेली असते. अशा वेळी चमत्कार का घडला हे सांगितले जात नाही. तो घडला याचीच पुनःपुन्हा ग्वाही दिली जाते. श्रोत्याला जो प्रश्न कधी पडलाच नव्हता त्याचे उत्तर प्रेक्षकाला दिले जाते आणि जो पडावयास हवा तो विचारलाच जात नाही.

५

मग किशोरवयीन अद्भुतनाट्य म्हणून या कथेचे सामर्थ्य कोठे आहे? ‘बफी’च्या एका भागाकडे या निमित्ताने पाहता येईल. २००१ मधील ‘द बॉडी’ या भागात नायिकेच्या आईचा मृत्यू होतो आणि तो नैसर्गिक असतो. राक्षसांना मारू शकणारी मुलगी त्या मृत्यूपुढे काहीच करू शकत नाही. भागाला पार्श्वसंगीत नाही आणि अद्भुत शेवटी कोपऱ्यात जेमतेम डोकावते. त्या मालिकेतील श्रेष्ठ भागांत त्याची गणना होते. शक्ती असलेल्या मुलांचे नाट्य त्या शक्तीच्या मर्यादेवर सर्वाधिक खुलते, असा याचा अर्थ.

ज्ञानदेवांच्या कथेतील अशी जागा म्हणजे ताटीचा प्रसंग. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला भाऊ झोपडीचे दार लावून बसतो आणि धाकटी बहीण बाहेरून त्याची समजूत काढते. भिंत चालवणाऱ्याला दार उघडवत नाही. चमत्कार येथे निरुपयोगी आहे, कारण अडसर लाकडाचा नसून मनाचा आहे. रेड्यामुखी वेद वदविणाऱ्या मुलाला अपमान सोसत नाही, हे परंपरेने दडवलेले नाही, हा तिचा मोठेपणा आहे. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ या चित्रपटाने शीर्षकात तरी या बहिणीकडे लक्ष वळवले, ही दिशा स्वागतार्ह आहे. केंद्र तिच्याकडे सरकणे म्हणजे दाराबाहेर उभे राहून कथा पाहणे होय.

या कसोटीवर भिंतीचा प्रसंगही सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. त्यातील एक प्रतिमा पूर्वार्धाच्या तोडीची आहे आणि ती चालण्यात नसून बसण्यात आहे. एवढा मोठा योगी शिष्यांचा लवाजमा घेऊन येत असता चार भावंडे गावातल्या कोणत्याही मुलांसारखी भिंतीवर ओळीने बसलेली आहेत. ज्यांना गावाने आत घेतले नाही त्यांची बसण्याची जागा भिंत हीच असणार. वाळीत टाकलेल्या मुलांचे सगळे सामाजिक स्थान त्या एका बैठकीत सामावले आहे. पडद्याने आपली सर्व शक्ती भिंत हलवण्यात खर्च केली. ती हलण्यापूर्वीच्या क्षणाकडे पुरेसे पाहिले असते, तर कोरे पत्र आणि भिंत यांच्यात एक दुवा सापडला असता. मायना नसलेली मुले आणि घर नसलेली मुले ही एकच आहेत, हा तो दुवा. मग भिंतीचे चालणे विजयाचे न राहता सामोरे जाण्याचे झाले असते. पाहुणा आला तर उठून पुढे जावे, एवढी साधी रीत त्यात दिसली असती आणि ‘पासष्टी’शी असलेला विरोधही बराचसा मावळला असता.

असे वाचन मूळ कथेवर लादलेले आहे, असा आक्षेप घेता येईल. चरित्रकारांना स्पर्धा अभिप्रेत होती आणि गर्वहरण हाच त्यांचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या परंपरेने भिंत सांगितली तिनेच कोरा कागदही जपला आणि दोन्ही एका प्रसंगात शेजारी ठेवले. त्यांतील विसंगतीचा निवाडा तिने केला नाही. तो पुढच्या सांगणाऱ्यावर सोडला. पडद्याने एक बाजू निवडली, दुसरी अजून निवडावयाची राहिली आहे.

नेवाशास ज्ञानदेवांनी ज्याला टेकून ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली असे मानतात तो खांब आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’मुळे (१९७०) तो मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. या खांबाविषयी तो चालल्याची कथा नाही. पंधरा वर्षांचा एक मुलगा त्याला टेकून बसला, बोलत राहिला, आणि दुसऱ्या कोणीतरी ते उतरून घेतले. ट्रिक-दृश्याला येथे काहीच वाव नाही, कारण येथे हलण्याजोगे काही नाही. मराठी दूरचित्रवाणीला आपले किशोरवयीन अद्भुतनाट्य घडवावयाचे असेल, तर चालती भिंत तिला आता तंत्राच्या दृष्टीने अवघड राहिलेली नाही. अवघड आहे तो हा न हलणारा खांब आणि त्याला टेकलेला तो मुलगा.